बुळकांडीच्या आडोशाला

पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य आजार. आपल्याकडे त्यालाही बरेच जण 'बुळकांडी'च म्हणतात. खरं तर ते दुसऱ्याच रोगाचं नाव, आणि पीपीआरचा निम्मा इतिहास याच गोंधळात दडलाय.

खरी बुळकांडी म्हणजे गाई-म्हशींचा रिंडरपेस्ट. गुरांच्या रोगांवर संशोधन करायला इंग्रजांनी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा काढली, १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. तिथे १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा फिरवत नेला. तो गुरांसाठी सौम्य झाला आणि त्याची लस बनली. गाईची लस शेळीच्या अंगात तयार होत होती. शेळीचं स्वतःचं दुखणं मात्र कुणी वेगळं काढलं नव्हतं.

१९४२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये शेळ्या-मेंढ्या मरत होत्या, पण शेजारची गुरं ठणठणीत. दोन फ्रेंच पशुवैद्यांनी हे टिपलं. भारतात हे निदान व्हायला १९८७ उजाडलं, तेही तामिळनाडूत. तोवर शेळ्यांची अशी साथ बुळकांडीच्या खात्यात जमा व्हायची. आमच्या भाषेत, बग चुकीच्या तिकिटावर नोंदला जात होता.

विषाणू पसरतो शिंक-खोकल्यातून, नाका-डोळ्यांच्या स्रावातून, लेंड्यांतून. जनावराबाहेर तो फार टिकत नाही, त्याला शेळीला खेटून शेळी लागते. म्हणजे आठवडी बाजार. विकत आणलेली शेळी धडधाकट दिसते. चार-सहा दिवसांनी ताप, तोंडात फोड, हगवण, धाप. तोवर ती कळपात मिसळलेली असते. भूमिहीन घरात अडीअडचणीला मोडायची ठेव असते ती.

दोन्ही विषाणू चुलतभाऊ, त्यामुळे गुरांची लस शेळ्यांनाही वाचवायची. पण देश बुळकांडीमुक्त झाल्याचं सिद्ध करायचं, तर ती लस बंद करणं भाग होतं. रक्तातली प्रतिपिंडं लशीची की रोगाची, हे ओळखता येत नव्हतं. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. शेळ्यांची उसनी छत्री मात्र गेली.

त्यांची स्वतःची लस पुन्हा मुक्तेश्वरलाच बनली, हिमाचलमधल्या सुंगरी इथल्या विषाणूपासून. एक टोचणी निदान तीन वर्षं पुरते. २०१५ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्याच आबिदजानला ठरलं, २०३० पर्यंत पीपीआर जगातून घालवायचा. मुदत जवळ आलीय, आणि लशीची बाटली अजूनही बर्फाच्या डब्यातूनच वस्तीवर न्यावी लागते.