व्याकरणातील पुरुष आणि लोकमत

मराठीत ‘मी आलो’ अथवा ‘मी आले’ असे म्हणणारी व्यक्ती येण्याच्या क्रियेबरोबर स्वतःचे लिंगही सांगत असते. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावच्या परिसरात मराठीशेजारी हिंदी व गोंडी ह्या भाषा नांदतात. हिंदीची स्थिती मराठीसारखीच आहे. गोंडीच्या प्रथमपुरुषी क्रियारूपात मात्र लिंगभेद नाही. ज्या व्यक्तीची आत्मजाणीव जन्मतः नोंदलेल्या लिंगाहून भिन्न आहे, तिला मराठीत हा प्रश्न टाळून बोलणे कठीण. समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या लोकमताचा इतिहास व्याकरणातील पुरुषांच्या आधारे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

१८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ मध्ये समलिंगी व्यक्ती आली ती तृतीय पुरुषात, अपराधी म्हणून. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने वाचकांना स्वतःच्या कामजीवनाविषयी प्रश्न विचारण्यास जागा दिली. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. अशा प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. तरीही कर्व्यांना दंड झाला. ‘मी’ हा उच्चार छापणे हाच अपराध ठरला.

१९८१ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ मध्ये एका स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम मराठी प्रेक्षकांसमोर आले खरे. परंतु ते सांगणारा निवेदक तिचा मित्र बापू होता. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या २०१२ मधील आत्मकथनाच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ ह्या शीर्षकातच ‘मी’ दोनदा येतो. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले.

न्यायालयाने प्रथम पुरुषाला मान्यता दिली. द्वितीय पुरुष मात्र समाजाच्या मुखी आहे. आदरार्थी ‘तुम्ही आलात’ ह्या रूपात लिंगभेद नसल्याने परक्यांना अडचण पडत नाही. खरी कसोटी लागते ती घरात, जेथे ‘तू’ शिवाय बोलणेच होत नाही. ‘मी आले’ असे म्हणणाऱ्या अपत्याला आई ‘आलास?’ म्हणते की ‘आलीस?’, ह्यावरून लोकमत किती पालटले हे कळेल.