अकिलीसची दोरी

होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीसच्या कोवळ्या टाचेची कथा नाही. ते महाकाव्य हेक्टरच्या अंत्यविधीपाशी थांबते. तेव्हा अकिलीस जिवंत असतो. आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवले आणि धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली, ही कथा पुढे पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे भेटते. महाभारताच्या मौसलपर्वातही जरा व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या पायालाच लागतो.

शरीरशास्त्रात हे नाव बऱ्याच उशिरा आले. फिलिप वेर्हेयेन धर्मगुरू होण्यासाठी शिकत होता. आजारात पाय कापावा लागला आणि तो वैद्यकाकडे वळला. १६९३ च्या ग्रंथात त्याने पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड पट्ट्याला ‘अकिलीसची दोरी’ म्हटले. (आपल्याच कापलेल्या पायाचे त्याने विच्छेदन केले, ही मात्र दंतकथा.) ‘कंडरा’ हा शब्द त्याहून पुष्कळ जुना. सुश्रुतसंहितेत सोळा कंडरा मोजल्या आहेत. त्यांपैकी चार पायांच्या.

नंदुरबार जिल्ह्यातला तोरणमाळचा घाट पायी चढताना प्रत्येक पावलाला टाच उचलली जाते ती याच कंडरेच्या बळावर. बास्केटबॉलपटू तिच्याकडून याहून कठोर काम घेतो. थबकायचे, एक पाय मागे टाकायचा आणि त्याच पायाच्या रेट्याने मुसंडी मारायची. कंडरा ताणलेली असतानाच पोटरी जोराने आखडते, आणि कधी दोरी तुटते. मागून कुणीतरी लाथ मारली असे खेळाडूला वाटते. वळून पाहावे तर मागे कुणीच नसते.

१९९४ मध्ये डेट्रॉइटच्या आयझेया थॉमसची कारकीर्द अशीच संपली. डॉमिनिक विल्किन्स हा अपवाद: १९९२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी कंडरा तुटली, तरी पुढच्या हंगामात त्याने सामन्यामागे जवळजवळ तीस गुण मिळवले. १२ एप्रिल २०१३ रोजी चौतीस वर्षांच्या कोबी ब्रायंटने तुटलेल्या कंडरेनिशी दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही अचूक, आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर गेला. त्या दृश्याचे फार कौतुक झाले. डिसेंबरात तो परतला, आणि सहा सामन्यांनंतर गुडघ्याचे हाड मोडून पुन्हा बाहेर बसला.

केव्हिन ड्युरंटची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१९ मध्ये पोटरी दुखावल्यावर महिन्याभराने तो थेट अंतिम मालिकेत उतरला आणि त्याच सामन्यात कंडरा गेली. या वेळी मात्र घाई झाली नाही. संपूर्ण हंगाम सोडून तो परतला आणि सामन्यामागे सुमारे सत्तावीस गुण मिळवू लागला.

हे उदाहरण ताजे असतानाच २०२५ च्या अंतिम मालिकेत इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या सामन्यात दुखावली. तो सहावा सामना खेळला. २२ जूनला सातव्या, निर्णायक सामन्यातही उतरला. पहिल्या सत्रातच त्याची कंडरा तुटली. विजेतेपद ओक्लाहोमा सिटीकडे गेले.