स्विचिंग परिवर्तकांचा विद्युतचुंबकीय गोंगाट : नियमनाचा ऐतिहासिक मागोवा

एकदिश विद्युतदाब कमीअधिक करावयाचा तर प्रवाह सतत तोडावा व जोडावा लागतो. आणि तो जितक्या झटक्याने तुटेल तितका नजीकच्या रेडिओत खरखराट उमटतो. हा व्यत्यय ट्रान्झिस्टर युगाची देणगी समजला जातो. वस्तुतः तो १९३० च्या दशकातील मोटारींतच ऐकू आला होता. मोटारीची बॅटरी सहा व्होल्टची, तर रेडिओतील निर्वात नलिकांना शे-दोनशे व्होल्ट हवेत. मधले काम ‘व्हायब्रेटर’ करी. सेकंदाला शंभरेक वेळा थरथरणारी त्यातील पट्टी रोहित्राचा प्रवाह उलटसुलट करी आणि प्रत्येक तोडीसरशी पडणारी ठिणगी त्याच रेडिओत वाजे. गोंगाट करणारा आणि तो सोसणारा एकाच पेटीत असल्याने कपॅसिटर, चोक व धातूचे आवरण यांचा खर्च निर्मात्याला टाळता आला नाही.

गोंगाट एकाचा आणि रेडिओ दुसऱ्याचा, अशी स्थिती आल्यावर मात्र नियमाची गरज भासली. रेडिओ व्यत्ययविषयक आंतरराष्ट्रीय विशेष समितीची, म्हणजे सी.आय.एस.पी.आर.ची, पहिली बैठक १९३४ साली पॅरिस येथे झाली. तिच्या परंपरेतून रूढ झालेला ‘क्वासी-पीक’ मापक विशेष लक्षणीय आहे. एखादी तुरळक ठिणगी श्रोत्याला फारशी खुपत नाही, वरचेवर येणाऱ्या ठिणग्या खुपतात. म्हणून १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात हा मापक १ मिलिसेकंदाच्या कालांकाने भरतो, पण रिता होतो तो १६० मिलिसेकंदांच्या कालांकाने. शुद्ध भौतिक राशीऐवजी माणसाची चीड मोजणारे हे साधन भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला काहीसे चमत्कारिक वाटेल, परंतु ए.एम. श्रोत्याचा कान त्यातून प्रमाणित झाला, हे खरे.

१९७० च्या दशकात स्विचिंग वीजपुरवठ्याचा प्रसार झाला. रोहित्राची गुणगुण ऐकू येऊ नये यासाठी वारंवारता २० किलोहर्ट्झ किंवा त्याहून अधिक ठेवीत. कानाची सुटका झाली, तरी २० किलोहर्ट्झचा सत्ताविसावा गुणज ५४० किलोहर्ट्झवर, म्हणजे थेट मध्यम लहरींत येतो. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९७९ साली संगणकीय उपकरणांच्या व्यत्ययावर मर्यादा घातल्या. तत्पूर्वी, १९७६ मध्ये, आर. डी. मिडलब्रुक यांनी एक अडचण दाखवून दिली होती. नियंत्रित परिवर्तक स्थिर शक्ती घेतो, त्यामुळे दाब वाढला की त्याचा प्रवाह घटतो. अशा ऋण रोधासमोर बेताचे अवमंदन नसलेला फिल्टर जोडल्यास सारी यंत्रणाच दोलायमान होऊ शकते. शेजाऱ्यासाठी केलेला उपाय असा मालकाच्या मुळावर येई.

पुढे वारंवारता किंचित हलती ठेवून गोंगाट पसरविण्याची युक्ती निघाली; फेंग लिन व डॅन चेन यांचा त्याविषयीचा शोधनिबंध १९९४ चा आहे. मापकाची खिडकी ९ किलोहर्ट्झ रुंदीची असल्याने तीत येणारा वाटा घटतो. एकूण ऊर्जा मात्र जवळपास तेवढीच राहते. नियम पाळला गेला असे म्हणता येते. गोंगाट नाहीसा झाला असे म्हणता येत नाही.

विद्युत मोटारींनी हा प्रश्न पुन्हा मोटारीतच आणून सोडला. त्यांच्या इन्व्हर्टरमधील स्विचिंगमुळे ए.एम. प्रक्षेपणात व्यत्यय येतो. या वेळी काही निर्मात्यांनी आवरण व फिल्टर यांवर खर्च करण्याऐवजी ए.एम. रेडिओच वगळला, बी.एम.डब्ल्यू.ची आय-३ हे त्याचे ठळक उदाहरण. आणीबाणीच्या सूचना याच लहरींवरून दिल्या जातात, असा आक्षेप अमेरिकेत घेतला गेला. मे २०२३ मध्ये तेथील संसदेत प्रत्येक नव्या मोटारीत ए.एम. रेडिओ सक्तीचा करणारे विधेयक मांडण्यात आले, आणि ए.एम. वगळण्याचा निर्णय फोर्ड कंपनीने त्याच महिन्यात मागे घेतला.