ल्युकेमियाची केमोथेरपी संपल्यानंतर
लहान मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. ते संपले की केस परत येतात, रक्तपेशींची संख्या सावरते. थकवा मात्र रेंगाळतो. व्हिन्क्रिस्टीनमुळे आलेला हातापायांचा बधिरपणा बहुतेकांत हळूहळू कमी होतो. स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन हाड खचू शकते, म्हणून मूल लंगडू लागले तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. सर्वांत फसवा परिणाम हृदयावरचा. डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन यांनी झालेली इजा अनेक वर्षांनी, कधी थेट गरोदरपणात उघड होते. त्यासाठी ठरावीक काळाने इकोकार्डिओग्राफी करतात. औषधांची नावे व एकूण मात्रा लिहिलेला कागद जपावा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा मुलांसाठी १९९१पासून वेगळे क्लिनिक आहे.