गोमंतकातील पुराणपरंपरा व तिचे अवशेष

गोमंतकीय मराठी वाङ्मयाचा इतिहास म्हणजे जितका रचलेल्या ग्रंथांचा, तितकाच नष्ट झालेल्या ग्रंथांचाही इतिहास होय. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, बारदेश व सासष्टी या महालांतील देवालये पाडली आणि पोथ्या जप्त केल्या. यामुळे तेथील वाङ्मयपरंपरा समूळ खंडित झाली, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि उपलब्ध साधनांच्या कसोटीवर तो टिकत नाही.

केळशीच्या कृष्णदास शामा याने इ. स. १५२६ मध्ये भागवताच्या दशमस्कंधाच्या आधारे कृष्णचरित्र ओवीबद्ध केले होते. पुराणश्रवणाची आवड लोकांत किती खोल रुजली होती, याचे प्रमाण मात्र एका ख्रिस्ती ग्रंथात सापडते. इ. स. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, जुनी पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न मार्मिक आहे. धर्म पालटला तरी श्रोत्यांची अभिरुची पालटली नव्हती, आणि धर्मोपदेशकासही अखेर ओवीचाच आश्रय करावा लागला.

लिपीच्या बाबतीत मात्र परंपरेस तडजोड करावी लागली. गोव्यात मुद्रणयंत्र इ. स. १५५६ मध्येच आले होते. देशी लिपीचे खिळे पाडण्याची अनुज्ञा स्टीफन्स यांनी इ. स. १६०८ मध्ये मागितली. परंतु ग्रंथ छापला गेला तो रोमी लिपीत. इ. स. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. इ. स. १६८४ मध्ये तर देशी भाषाच तीन वर्षांत सोडून देण्याचे फर्मान निघाले.

पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकाही प्रतीचा आज ठाव नाही. असे असूनही ग्रंथ टिकला, तो गोव्याबाहेर. स्थलांतर करून दक्षिण कानडा जिल्ह्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जतन केल्या. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी इ. स. १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. देवनागरीतील एक प्रत विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडन येथे उजेडात आली. याच्या उलट दिशेने हिंदू कथांचे जतन झाले: रामायण-महाभारताच्या कथा पाद्र्यांनी भाषाभ्यासासाठी रोमी लिपीत उतरवून घेतल्या आणि त्यांची हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथे राहिली.

म्हणजे ज्यांच्या सत्तेने पोथ्या जाळल्या, त्यांच्याच ग्रंथालयात त्या परंपरेचा एक अंश सुरक्षित राहिला. सबब गोमंतकाच्या वाङ्मयाचा शोध त्या भूमीच्या सीमेत पुरा होणार नाही. मंगळूर, लंडन व ब्रागा येथील साधनांचा एकत्र विचार झाला, तरच त्याचे यथार्थ स्वरूप अभ्यासकांच्या हाती येईल.