हॅरी पॉटर पुस्तकमालेवरील ख्रिस्ती आक्षेप

हॅरी पॉटर ही ब्रिटिश लेखिका जे.के. रोलिंग यांनी लिहिलेली सात कादंबऱ्यांची पुस्तकमाला (१९९७–२००७) आहे. तिच्यातील जादू व चेटूकविद्येच्या चित्रणामुळे काही ख्रिस्ती गटांनी, विशेषतः अमेरिकेतील इव्हँजेलिकल व मूलतत्त्ववादी प्रोटेस्टंटांनी, तिला विरोध केला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदींनुसार २००० ते २००९ या दशकात त्या देशात सर्वाधिक आक्षेप याच पुस्तकमालेवर घेतले गेले. मात्र या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मीयांत एकमत नव्हते; पुस्तकांच्या समर्थकांतही अनेक श्रद्धाळू ख्रिस्ती होते.

आक्षेपांचा आधार

विरोधक प्रामुख्याने बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायाचा दाखला देतात. त्यात शकुन पाहणे, चेटूक करणे, मृतांशी संपर्क साधणे इत्यादी गोष्टी निषिद्ध ठरवल्या आहेत. नव्या करारातही, गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात, चेटकाची गणना दुष्कृत्यांत केलेली आहे. जादू आकर्षक स्वरूपात रंगवल्यामुळे मुलांची या विद्येविषयीची भीती नाहीशी होईल व ती विक्कासारख्या पंथांकडे वळतील, असे विरोधकांचे म्हणणे होते. नायक नियम मोडतो आणि तरीही त्याचा गौरव होतो, हाही एक आक्षेप होता. ३० डिसेंबर २००१ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील अॅलमोगोर्डो येथे एका चर्चने या पुस्तकांची जाहीर होळी केली.

समर्थकांचा युक्तिवाद

समर्थकांच्या मते बायबलचा निषेध आत्म्यांना किंवा दुष्ट शक्तींना आवाहन करण्याविरुद्ध आहे. रोलिंग यांच्या कथेतील जादू जन्मजात कौशल्यासारखी असून ती शाळेत शिकवली जाते. तिच्यासाठी कोणत्याही अलौकिक शक्तीची आराधना करावी लागत नाही. इव्हँजेलिकल लेखक चार्ल्स कोल्सन यांनी १९९९ मध्ये याच आशयाचे मत मांडले होते. सी.एस. लुईस व जे.आर.आर. टॉल्किन या ख्रिस्ती लेखकांच्या साहित्यातही जादू आहे, याकडे समर्थक लक्ष वेधतात. त्यावर विरोधकांचे उत्तर असे की, त्या लेखकांची जादू मुख्यतः वेगळ्या, कल्पित जगात घडते. हॅरीची शाळा मात्र आजच्या ब्रिटनमध्ये आहे.

कॅथलिक चर्चमधील मतभेद

कॅथलिक चर्चने या पुस्तकांवर अधिकृत बंदी घातली नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये व्हॅटिकनच्या पत्रकार परिषदेत धर्मगुरू पीटर फ्लीटवूड यांनी पुस्तकांबद्दल अनुकूल मत व्यक्त केले. त्याच वर्षी कार्डिनल योसेफ रात्सिंगर (नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी जर्मन टीकाकार गाब्रिएले कुबी यांना लिहिलेल्या खाजगी पत्रात, अशा साहित्याच्या सूक्ष्म प्रलोभनामुळे श्रद्धेची नीट वाढ होण्याआधीच ती विकृत होऊ शकते, अशी चिंता व्यक्त केली. हे पत्र २००५ मध्ये चर्चेत आले.

न्यायालयीन वाद

आर्कान्सा राज्यातील सीडरव्हिल येथील शाळा मंडळाने २००२ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी असा निर्णय घेतला की, शालेय ग्रंथालयातून ही पुस्तके घेण्यासाठी विद्यार्थ्याने पालकांची लेखी परवानगी आणावी. त्याविरुद्ध एका विद्यार्थिनीच्या पालकांनी फिर्याद दाखल केली. २००३ मध्ये संघीय न्यायालयाने हे निर्बंध अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीचा भंग करणारे ठरवले व पुस्तके पुन्हा खुल्या कपाटात ठेवण्याचा आदेश दिला. पुस्तकांतील विचार मंडळाच्या सदस्यांना अमान्य आहेत, एवढ्या कारणाने सरकारी शाळेला वाचनाच्या अधिकारावर मर्यादा घालता येत नाही, हे या निकालाचे सूत्र होते. पालकांनी आपल्या मुलांसाठी पुस्तके निवडण्याच्या अधिकाराला त्यामुळे बाधा आली नाही.

लेखिकेची भूमिका

मुलांना चेटूकविद्येकडे वळवण्याचा हेतू असल्याचा आरोप रोलिंग यांनी सातत्याने नाकारला. सातव्या पुस्तकातील थडग्यांवर बायबलमधील दोन वचने कोरलेली आढळतात. कथेतील ख्रिस्ती समांतरे आपल्या मनात आरंभापासून स्पष्ट होती, असे त्यांनी २००७ मध्ये सांगितले. शेवट आधीच उघड होऊ नये म्हणून त्यांनी त्यापूर्वी याविषयी फारसे बोलण्याचे टाळले होते.