स्वयंचलित गिअर आणि सेमाडोहची थंडी

यंत्रांचा इतिहास सांगताना ते कोणी शोधले आणि कोणत्या साली शोधले, एवढे सांगून आपण बहुधा थांबतो. ते कोणत्या हवेत वाढले, हे सांगावयाचे राहून जाते. वास्तविक प्रत्येक यंत्राच्या अंगी त्याच्या जन्मभूमीचे ऊनपाऊस मुरलेले असतात. आणि ते दुसऱ्या मुलखात गेले म्हणजे तेथील माणसाला त्याचे वागणे कधी चमत्कारिक, तर कधी नादुरुस्तीचे लक्षण वाटते. मोटारीतील स्वयंचलित गिअर हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याचा विचार आम्ही येथे सेमाडोहच्या घाटरस्त्यावर उभे राहून करणार आहोत.

सेमाडोह हे मेळघाटातले, सिपना नदीच्या खोऱ्यातले गाव. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांगवरून डोंगर ओलांडून तेथे पोचतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्याची ख्याती सर्वत्र आहे. पण पौषातल्या पहाटे या दरीत थंड हवा साचून राहते आणि खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्यावाचून थेंब गळत नाही. या डोंगरांत ओझे वर चढविणे हा प्रश्न जुनाच आहे. 1803 च्या डिसेंबरात गाविलगडाला वेढा पडला, तेव्हा इंग्रजांच्या फौजेला अवजड तोफा डोंगरातून ओढून नेण्यासाठी वाटेत रस्ता करीत जावे लागले. त्या वेळी शक्ती होती ती बैलांची आणि माणसांची. बैल चढावर आपोआप पाऊल आखडते घेतो; त्याला गिअर बदलण्यास सांगावे लागत नाही. वाफेच्या इंजिनाचेही काहीसे असेच होते. वाफ उभ्या चाकालाही रेटा देते.

पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनाला मात्र हे साधत नाही. ते स्वतः फिरत असले तरच जोर देते. भाराखाली थांबले की बंद पडते. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये कोणीतरी मध्यस्थ हवा. क्लच आणि गिअर हा तो मध्यस्थ, आणि त्याला चालविणारे पाय व हात चालकाचे. हे काम यंत्राकडेच सोपविण्याची कल्पना मोटारीतून आली नाही, जहाजातून आली. जर्मनीतील हेर्मान फ्योटिंगर हा श्टेटीनच्या व्हल्कान गोदीत काम करीत असता त्याच्यापुढे प्रश्न असा होता की, वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावयास हवा. 1905 साली त्याने द्रवाच्या द्वारे शक्ती पोचविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. एक पंखा द्रवाला ढकलतो, तो द्रव दुसऱ्या पंख्याला फिरवितो. दोहोंमध्ये लोखंडाचा लोखंडाला स्पर्श नाही.

हीच युक्ती 1939 साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबाइल मोटारींसाठी हायड्रा-मॅटिक या नावाने बाजारात आणली. तीत द्रवाच्या जोडणीमागे चार वेगांची गिअरव्यवस्था होती आणि तेलाचा दाबच गिअर बदलण्याचा हुकूम देत असे. तेल येथे केवळ वंगण नव्हे. शक्ती वाहून नेणारा हमाल तेच, हुकूम पोचविणारा जासूद तेच आणि उष्णता बाहेर नेणारा पाणक्याही तेच. साऱ्या कारभाराची भिस्त एका द्रवावर ठेवली, म्हणजे त्या द्रवाचा स्वभाव हाच यंत्राचा स्वभाव होतो.

आणि तेलाचा स्वभाव थंडीत पालटतो. मिशिगनच्या हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली जातो. तेथे पहाटे मोटार सुरू केली की काकवीसारखे दाट झालेले तेल पंपाला लवकर उचलत नाही. बारीक वाटांतून दाब पोचण्यास वेळ लागतो. रबरी कडी ताठरलेली असतात. चालकाने दांडा पुढे सारला तरी गाडी क्षणभर विचार करीत उभी राहते आणि मग हिसका देऊन निघते. पुढेही ती गिअर उशिरा बदलते. अलीकडच्या गाड्यांत तर हे मुद्दाम योजलेले असते; तेल ऊबदार होईपर्यंत वरचा गिअर आणि जोडणीची पक्की पकड संगणकच रोखून धरतो. पुष्कळ मोटारींत या तेलाची नळी रेडिएटरमधून नेलेली असते; ती उन्हाळ्यात तेल थंड करते, तशी थंडीच्या सुरुवातीस त्याला ऊबही देते.

या तेलाचे नियम 1949 साली जनरल मोटर्सने ठरवून दिले, आणि पुढे ते कडक होत गेले. डेक्स्रॉन-तीन या तेलाला उणे 40 अंशांवर 20,000 सेंटिपॉइजपेक्षा अधिक दाट होण्याची मुभा नव्हती. 2005 च्या डेक्स्रॉन-सहाला 15,000 ची मर्यादा आहे. साध्या पाण्याचा दाटपणा सुमारे एक सेंटिपॉइज असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो.

या सुखाची एक किंमत मात्र समुद्रात मोजली जात होती. क्लचच्या चकत्या न थरथरता पकडाव्यात म्हणून या तेलात स्पर्म देवमाशाचे तेल मिसळीत असत. 1970 साली अमेरिकेने या देवमाशाला संकटग्रस्त ठरविले आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. त्याच सुमारास, 1973 साली, आपल्याकडे व्याघ्रप्रकल्प सुरू झाला व पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाची गणना झाली. एका प्राण्याला वाचविण्यासाठी गिअरचे तेल बदलले आणि दुसऱ्याला वाचविण्यासाठी सेमाडोहच्या भोवतालचे अरण्य राखले गेले. आम्हांला हा योगायोग विचार करावयास लावणारा वाटतो.

द्रवाची ही जोडणी वऱ्हाडात रेल्वेच्या वाटेनेही लोकांच्या सेवेला आली. मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याने डिझेल इंजिनासाठी द्रव आणि दंतचक्रे यांचा मेळ घालणारी योजना तयार केली. 1962 साली त्यांना भटनागर पारितोषिक मिळाले. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद मार्गावरची शकुंतला 1921 साली मँचेस्टरला बांधलेल्या वाफेच्या इंजिनावर धावत होती. 1994 साली त्या जागी डिझेल इंजिन आले, आणि अशा अरुंद मापाच्या डिझेल इंजिनांत शक्ती द्रवातूनच चाकांकडे जाते. पुढे ती गाडी थांबली. पण श्टेटीनच्या गोदीतली कल्पना मेळघाटाच्या पायथ्याशी येऊन गेली होती.

आता मोटारीकडे वळू. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओने आपल्याकडे स्वस्त स्वयंचलित गिअरची वाट उघडली. परंतु तिच्यात द्रवाची जोडणी नाही. नेहमीचाच क्लच आणि गिअर आहेत, फक्त पायाऐवजी विजेवर व तेलाच्या दाबावर चालणारा हस्तक ते हलवितो. म्हणून मिशिगनमधल्या गाडीविषयीचा सल्ला या गाडीला जसाच्या तसा लागू करणे चुकीचे होय.

मग सेमाडोहच्या चालकाने काय समजावे? येथील थंडी उणे 40 अंशांची नाही. द्रवाची जोडणी असलेली गाडी पहाटे क्षणभर अडखळली, तर तो बहुधा तेलाचा धर्म असतो. थोडा वेळ इंजिन चालू द्यावे, पहिले दोनचार मैल हलक्या पायाने जावे, आणि इंजिन गरगर फिरवून गाडीला घाई करू नये. गाडी तापल्यावरही अडखळणे राहिले, तर मात्र तेलाची पातळी व जात तपासावी. कारण उत्पादकाने सांगितलेल्या जातीचे तेल सोडून दुसरे घातले, तर यंत्राच्या कारभाऱ्यालाच बदलल्यासारखे होते. येथे खरी कसोटी थंडीपेक्षा घाटाची आहे. उतारावर खालचा गिअर धरून इंजिनाचा अटकाव घ्यावा; केवळ ब्रेकवर विसंबू नये.

यंत्राने आपला पाय मोकळा केला, हात मोकळा केला. जाण मात्र त्याने आपल्याकडून काढून घेतलेली नाही. जुना गाडीवान बैलाच्या श्वासावरून चढ ओळखीत असे. नव्या चालकाने तेलाचा श्वास ओळखावा, एवढेच हा इतिहास सांगतो. नाहीतर निरोगी गाडी दुरुस्तीला जाईल आणि खरोखर आजारी गाडी घाटात जाईल. आणि घाटात तिच्यात बसलेली माणसे असतील.